मेनूतला ‘संपर्क’ पुन्हा दुसऱ्या ओळीत गेला असेल तर

तक्रार नेहमी अशीच येते. पतसंस्थेची, शाळेची किंवा एखाद्या वाचनालयाची साइट असते. वरच्या पट्टीत मराठीत आठ नावं असतात: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, ठेव योजना, कर्ज योजना, शाखा, छायाचित्रे, सूचना, संपर्क. विंडोजवरच्या क्रोममध्ये सगळी एका ओळीत, नीटनेटकी. मग एखाद्या संचालकांचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट येतो. त्यांच्या मुलाच्या मॅकबुकवर ‘संपर्क’ खाली उतरलाय, ऑफिसातल्या फायरफॉक्समध्ये पट्टी जाड झालीय आणि आयफोनवर ‘ठेव योजना’ दाबलं की उपमेनू उघडून लगेच गायब होतोय. “सर, तुमच्याकडे बरोबर दिसतोय का?”

यावरचा ठरलेला इलाज म्हणजे पॅडिंग, म्हणजे नावाभोवतीची आतली मोकळी जागा, दोन पिक्सेलनं कमी करायचं, नाहीतर फॉन्ट सोळाचा पंधरा करायचा. ‘संपर्क’ वर येतो, सगळे खूश. पुढे कुणीतरी ‘सूचना’चं ‘सूचना व निविदा’ करतं आणि ये रे माझ्या मागल्या. माझं मत स्पष्ट आहे: अशा तक्रारींत खुद्द ब्राउझरची चूक आता क्वचितच असते. सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या नियमांत) जे आपण लिहिलेलंच नसतं, ते ब्राउझर आणि त्याच्या खालची ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या पद्धतीनं भरून काढतात. त्यामुळे “या सफारीला काय झालंय” असं विचारत बसण्यापेक्षा “मी काय ठरवायचं सोडलंय” हे शोधलं तर घोडं लवकर पुढे सरकतं.

हात घालण्याआधी

स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला आधी कंट्रोल आणि शून्य दाबायला सांगा. ब्राउझर प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, आणि चष्मा न लावता कधीतरी ११० टक्के केलेलं माणूस विसरून जातो. त्यानंतर कंट्रोल-शिफ्ट-आर. क्रोममध्ये नवी सीएसएस फाइल आणि फायरफॉक्समध्ये कॅशमधली जुनी, एवढ्यावरही ‘दोन ब्राउझरमध्ये दोन मेनू’ दिसतात. हा प्रश्न कायमचा मिटवायचा तर फाइलच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा जोडा आणि प्रत्येक बदलाबरोबर तो वाढवा.

मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड’ विचारा. उत्तर ‘बॅककॉम्पॅट’ आलं, तर पान क्वर्क्स मोडमध्ये, जुन्या ब्राउझरांच्या रीतीनं, चाललंय. म्हणजे पहिल्या ओळीतला डॉक्टाइप नाहीये, किंवा त्याच्या आधी काहीतरी छापलं जातंय. पीएचपीच्या साइटवर एखादी वॉर्निंग पानाच्या अगदी वर छापली जाते आणि पांढऱ्यावर पांढरी असल्यानं कुणाला दिसत नाही. क्वर्क्स मोडमध्ये एकक न लिहिलेली लांबीसुद्धा चालून जाते, आणि डॉक्टाइप दुरुस्त केला की ती बंद पडते. त्यामुळे हे आधी निस्तरा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप वाया.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. आज प्रमुख इंजिनं (पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) तीनच आहेत: क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेटचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. आयफोनवर मात्र क्रोमचं आयकॉन असलं तरी आत वेबकिटच असतं. ॲपलचा नियमच तसा आहे. २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून युरोपीय संघात तेवढी सूट मिळाली, आपल्याकडे नाही. तेव्हा “माझ्या आयफोनच्या क्रोममध्येही तसंच होतंय” हा वेगळा पुरावा धरू नका. ती सफारीचीच तक्रार आहे.

बहुतेक वेळा दोषी: फॉन्ट

मराठी मेनूच्या बाबतीत मी सगळ्यात आधी इथे बघतो, आणि बहुतेकदा इथेच थांबतो.

सीएसएसमध्ये ‘एरियल, सॅन्स-सेरिफ’ लिहिलेलं असतं. एरियलमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. मग ब्राउझर सिस्टिमकडे हात पसरतो. विंडोज ८ पासून पुढे ‘निर्मला यूआय’ मिळतो, त्याआधीच्या मशीनवर ‘मंगल’. मॅक आणि आयफोनवर ‘कोहिनूर देवनागरी’, अँड्रॉइडवर ‘नोटो सॅन्स देवनागरी’. फायरफॉक्समध्ये तर प्रत्येक लिपीसाठी वेगळा फॉन्ट निवडायची सोय सेटिंगमध्येच आहे, देवनागरीसाठीसुद्धा. म्हणून एकाच संगणकावर क्रोम आणि फायरफॉक्स वेगळा फॉन्ट वापरताना दिसू शकतात. आता ‘आमच्याविषयी’ हा शब्द एका फॉन्टमध्ये दुसऱ्यापेक्षा सहा पिक्सेलनं रुंद आहे असं धरा. आठ शब्दांचे मिळून अठ्ठेचाळीस होतात, आणि तेवढ्यात ‘संपर्क’ खाली जातो.

अंदाज करत बसू नका, बघा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये मेनूतला शब्द निवडून ‘कम्प्युटेड’ टॅबच्या तळाशी जा. प्रत्यक्षात कुठला फॉन्ट वापरला गेला आणि किती अक्षरांना, ते तिथे लिहिलेलं असतं. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये त्यासाठी ‘फॉन्ट्स’ नावाचा वेगळा टॅब आहे. ‘स्टाइल्स’ टॅबमध्ये जे दिसतं ती आपली नुसती मागणी. पदरात काय पडलं ते इथे कळतं.

वेबफॉन्ट (साइटनं स्वतः पाठवलेला फॉन्ट) लावलेला असूनही हे घडतं, आणि तिथे फसगत जास्त. गूगल फॉन्ट्स मोठ्या फॉन्टचे तुकडे करून देतं: लॅटिनचा वेगळा, देवनागरीचा वेगळा. साइट जलद व्हावी म्हणून कुणीतरी फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतं, आणि नेमका लॅटिनचाच तुकडा उचलतं. इंग्रजी आकडे आणि ‘एफएक्यू’ सुंदर दिसतात, मराठी मात्र सिस्टिमच्या फॉन्टमध्ये. करणाऱ्याच्या संगणकावर हे पकडलं जात नाही, कारण त्याच्या मशीनवर तो फॉन्ट डिझाइनच्या कामासाठी आधीच बसवलेला असतो. नेटवर्क टॅबमध्ये देवनागरीची फाइल खरोखर उतरतेय का, हे म्हणूनच डोळ्यांनी पाहायचं. फॉन्ट दुसऱ्या डोमेनवर असेल आणि त्या सर्व्हरनं परवानगीचा हेडर पाठवला नसेल तर ब्राउझर तो नाकारतो. कन्सोलमध्ये लाल ओळ असते, पण बघतो कोण?

स्वतः सबसेट, म्हणजे फॉन्टचा मोजक्या अक्षरांचा तुकडा, करणाऱ्यांनी ‘ऱ’ विसरू नये. ‘कऱ्हाड शाखा’ किंवा ‘नोकऱ्या’ असं मेनूत असेल आणि सबसेट हिंदी मजकुरावरून बनवलेला असेल, तर तेवढंच जोडाक्षर वेगळ्या फॉन्टमधून येतं आणि दात पडल्यासारखं दिसतं. तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं; त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही, आणि सिस्टिमच्या दुसऱ्या कुठल्या फॉन्टमध्येही नसेल तर त्या जागी चौकोन येतो. आणि काही कीबोर्डवरून लोक ‘अ’ टाइप करून त्यावर सुटा अर्धचंद्र चढवतात. दिसायला सारखंच, पण क्रोम आणि फायरफॉक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतात आणि ते या जोडीत ठिपक्यांचं वर्तुळ घुसवतं. सफारी ॲपलची स्वतःची यंत्रणा वापरते, तिथे निकाल वेगळा लागू शकतो. ‘ॲडमिशन’ किंवा ‘मोबाईल ॲप’ एका ब्राउझरमध्ये ठीक आणि दुसऱ्यात वर्तुळासकट दिसत असेल, तर सीएसएसला हात लावू नका. मजकुरातलं ते अक्षर खोडून अखंड ‘ॲ’ टाका.

उपाय एवढाच की मेनूसाठी देवनागरी असलेला एक वेबफॉन्ट निवडायचा आणि तो सगळीकडे पोचतोय याची खात्री करायची. मी बहुतेकदा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घेतो; खुला आहे, लहान आकारातही मात्रा वाचता येतात. जी वजनं वापरणार तीच उतरवा, पण तेवढी नक्की उतरवा. चालू पानाचं नाव ठळक दाखवायचं म्हणून ६०० लिहिलं आणि फाइल ४०० चीच असली, तर ब्राउझर स्वतः अक्षर जाड करतो आणि प्रत्येकाची जाड करायची तऱ्हा वेगळी. मुळात चालू पान ठळक करण्याच्या मी विरोधात आहे. ठळक शब्द रुंद होतो, म्हणजे प्रत्येक पानावर मेनूची रुंदी वेगळी. खाली रेघ द्या, रंग बदला, काम भागतं.

दोन किरकोळ पण हमखास सापडणाऱ्या गोष्टी. इंग्रजी थीममधून आलेलं एक पिक्सेलचं लेटर-स्पेसिंग मेनूवरून काढून टाका; देवनागरीत त्यानं शिरोरेखा तुटते आणि प्रत्येक शब्द काही पिक्सेलनं वाढतो. आणि पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहा. ‘ईएन’ तसंच राहिलं तर मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ असलेला फॉन्टही ती वळणं दाखवत नाही, आणि वापरणाऱ्याच्या ब्राउझरचं आपोआप भाषांतर अशा पानावर काहीही करून बसतं. भाषांतरित झालेल्या मेनूचे स्क्रीनशॉट मला आले आहेत. ‘शाखा’ची झाडाची फांदी झालेली पाहिली की निदान करायला वेळ लागत नाही.

पट्टीची उंची

फायरफॉक्समध्ये पट्टी जाड, मॅकवर बारीक, हासुद्धा फॉन्टचाच भाऊबंद. लाइन-हाइट (ओळीची उंची) लिहिलेली नसेल तर ती ‘नॉर्मल’ धरली जाते, आणि नॉर्मल म्हणजे किती हे फॉन्टच्या आत लिहिलेल्या मापांवर ठरतं. मंगलची ओळ निर्मलापेक्षा बरीच उंच. शिवाय ज्या नावात मराठी आहे आणि ज्यात फक्त इंग्रजी आहे, त्या दोघांची उंचीही वेगळी येते, कारण पहिल्यात दोन फॉन्टची मापं एका ओळीत कोंबलेली असतात.

मेनूच्या लिंकवर लाइन-हाइट एकक न लावता १.५ लिहा. १.२ नको, इंग्रजी थीममध्ये ते असतं आणि त्यात ‘सर्व’चा रफार किंवा ‘गुंतवणूक’मधला ऊकार कापला जातो, विशेषतः वरच्या डब्यावर ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते लपवा) असेल तेव्हा. पट्टीला पक्की उंची देऊ नका. ती आतल्या पॅडिंगवरून ठरू द्या आणि नावं मध्यभागी आणायला फ्लेक्स या मांडणीपद्धतीचं अलाइन-आयटम्स सेंटर वापरा.

उंचीचा एक दूरचा परिणाम उपमेनूवर होतो. उपमेनू वरून ४८ पिक्सेलवर आहे असं कुणीतरी ठोकून ठेवलेलं असतं, कारण त्याच्याकडे पट्टी ४८ची होती. दुसऱ्या फॉन्टमध्ये ती ४४ झाली की मध्ये चार पिक्सेलची फट पडते. माऊस त्या फटीतून खाली नेताना होव्हर (माऊस नावावर असण्याची स्थिती) सुटतो आणि उपमेनू मिटतो. ग्राहकाच्या भाषेत, “मॅकवर मेनू पकडता येत नाही.” ‘टॉप’ला १०० टक्के द्या आणि मार्जिनऐवजी उपमेनूच्या आत पॅडिंग ठेवा, म्हणजे फट उरतच नाही.

ब्राउझरनं स्वतःहून घातलेलं

यूएल या टॅगला ब्राउझर आपणहून डावीकडे ४० पिक्सेल पॅडिंग आणि वर-खाली मार्जिन देतो. दोन्ही शून्य करा, लिस्ट-स्टाइल नन करा, आणि सगळ्यावर बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स. हे सगळ्यांना माहीत असतं. बटणाचं मात्र राहून जातं. बटण आजूबाजूचा फॉन्ट घेत नाही. ते ब्राउझरचा आपला, बहुधा १३.३३ पिक्सेलचा फॉन्ट धरून बसतं. त्यामुळे ‘मेनू’ असं लिहिलेलं मोबाइलचं बटण किंवा ‘ठेव योजना’चं उघड-मीट बटण शेजारच्या लिंकपेक्षा बुटकं दिसतं, आणि आयफोनवर त्यातली अक्षरं आपोआप निळी होतात. बटणाला फॉन्ट इन्हेरिट, कलर इन्हेरिट, ॲपिअरन्स नन, मार्जिन शून्य, एवढं द्या. उपमेनूसाठी डिटेल्स-समरी हे उघड-मीट होणारे टॅग वापरत असाल तर समरीपुढचा त्रिकोण काढायला लिस्ट-स्टाइल नन पुरत नाही. सफारीसाठी वेबकिट-डिटेल्स-मार्कर वेगळा लपवावा लागतो.

जुन्या साइटवर मेनूची नावं इनलाइन-ब्लॉकनं ओळीत बसवलेली असतात. तिथे एचटीएमएलमधली प्रत्येक नवी ओळ एक मोकळी जागा म्हणून मोजली जाते. सोळाच्या एरियलमध्ये ती सुमारे साडेचार पिक्सेलची. आठ नावांत सात फटी, म्हणजे तीस-एकतीस पिक्सेल, जे कुठल्याच सीएसएसमध्ये लिहिलेले नाहीत. फॉन्ट बदलला की हा आकडा बदलतो. उणे मार्जिन देऊन ते झाकणाऱ्यांची कमतरता नाही. त्या भानगडीत पडू नका, फ्लेक्सवर या.

फ्लेक्समध्ये ‘गॅप’ वापरलात तर सफारीचा इतिहास आठवा. फायरफॉक्सनं फ्लेक्समधला गॅप २०१८ मध्ये, क्रोमनं २०२० मध्ये आणला; सफारीत तो १४.१ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ नंतर. आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि असे फोन घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात अजून असतात. त्यांच्याकडे ‘शाखाछायाचित्रेसूचना’ असं सलग दिसतं. ॲट-सपोर्ट्स (ब्राउझरला अमुक येतं का, हे विचारणारी अट) लावून हे ओळखता येत नाही, कारण ते सफारी ग्रिडमधला गॅप ओळखत होते आणि “हो, येतं” असंच उत्तर देतात. सरळ लिंकला दोन्ही बाजूंनी पॅडिंग द्या. दाबायची जागाही मोठी होते.

नेमक्या कुठल्या रुंदीला मोडतं

‘डेस्कटॉपवर ठीक, मोबाइलवर ठीक’ या दोन टोकांच्या मधेच खरा घोळ असतो. १९२० पिक्सेलच्या लॅपटॉपवर विंडोज बहुधा १२५ टक्के स्केलिंग लावतं, म्हणजे ब्राउझरच्या हाती १५३६च उरतात. १५० टक्के असेल तर १२८०. जुन्या १३६६च्या स्क्रीन ऑफिसांतून अजून आहेत. त्यात विंडोजवर स्क्रोलबार पंधरा-सतरा पिक्सेल जागा खातो, मॅकवर ट्रॅकपॅड असेल तर तो मजकुराच्या वरून तरंगतो. मीडिया क्वेरी (रुंदी पाहून सीएसएस बदलणारी अट) मात्र स्क्रोलबार धरून रुंदी मोजते. मेनू नेमका कडेला बसवलेला असेल तर मॅकवर मावतो आणि विंडोजवर नाही, ते यामुळे.

पट्टीला १००व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण) रुंदी देणं हा याच घराण्यातला दोष. ती रुंदीसुद्धा स्क्रोलबार धरून असते, म्हणून विंडोजवर पान आडवं सरकायला लागतं. मग कुणीतरी बाहेरच्या रॅपरवर ओव्हरफ्लो-एक्स हिडन टाकतं. आडवं सरकणं थांबतं, आणि त्याच दिवशी स्टिकी मेनू (पान सरकलं तरी वर टिकून राहणारा) चिकटायचा बंद होतो, कारण स्टिकी घटक आता त्या रॅपरला धरून चिकटतो, खिडकीला नाही. पुढे स्टिकीसाठी जावास्क्रिप्ट लिहिली जाते. अशी तीन मजली दुरुस्ती मी उलगडली आहे. तळाशी १००व्हीडब्ल्यू ऐवजी १०० टक्के लिहून ती संपली.

मेनू कुठल्या रुंदीला ‘हॅम्बर्गर’ (तीन रेघांचं बटण) व्हावा हे ९९२ किंवा १०२४ अशा तयार आकड्यांवर सोडू नका. हे आकडे इंग्रजीतल्या ‘होम’, ‘अबाउट’, ‘काँटॅक्ट’च्या मापानं चालतात, मराठी नावं लांब असतात. खिडकी हळूहळू लहान करत न्या. ‘संपर्क’ कुठे तुटतो ते बघा आणि त्याच्या साठ-सत्तर पिक्सेल आधी मेनू बदला. प्रत्येक नावाला व्हाइट-स्पेस नोरॅप द्या, नाहीतर फ्लेक्स ‘ठेव योजना’चे दोन मजले करून जागा भागवतो. मावत नसलेली नावं ‘अधिक’मध्ये ढकलणारी स्क्रिप्ट असेल तर ती रुंदी कधी मोजते हे तपासा. वेबफॉन्ट पोचण्याआधी मोजली तर सिस्टिम फॉन्टची रुंदी मोजली जाते. क्रोमच्या कॅशमध्ये फॉन्ट असतो म्हणून तिथे बरोबर, पहिल्यांदाच उघडलेल्या फायरफॉक्समध्ये चूक. ‘डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी’ नंतर मोजा.

उपमेनू: माऊस, बोट आणि सफारी

फक्त होव्हरवर उघडणारा उपमेनू फोनवर चालणार नाही, हे तत्त्व म्हणून सगळे मान्य करतात आणि तरी ठेवतात. अँड्रॉइडच्या क्रोमवर ‘ठेव योजना’ला बोट लावलं की ब्राउझर सहसा थेट त्या लिंकवर जातो, उपमेनू दिसण्याआधीच. आयफोनची सफारी होव्हरनं काही नवं उघडतंय असं पाहिलं तर पहिला स्पर्श होव्हर समजते आणि दुसऱ्या स्पर्शाला लिंक उघडते. एकाच मेनूचे दोन फोनवर दोन स्वभाव.

मग लोक होव्हरच्या जोडीला फोकस-विदिन (आत कशावर तरी फोकस असताना लागू होणारा नियम) लावतात: बटण दाबलं, त्याला फोकस मिळाला, उपमेनू उघडला. क्रोममध्ये झकास चालतं. सफारीत बटण माऊसनं दाबल्यावर त्याला फोकस मिळतच नाही. हा दोष नाही, मॅकची जुनी रीत आहे, आणि सफारी ती सोडायला तयार नाही. आयफोनवरही तेच. सुरुवातीला सांगितलेली ‘उघडून लगेच गायब’ ही तक्रार बहुतेकदा इथली असते.

यातून सुटायचं तर ‘ठेव योजना’ लिंक न ठेवता खरं बटण करा. दाबलं की जावास्क्रिप्टनं बटणावरच्या एरिया-एक्स्पांडेड या गुणधर्माची किंमत ट्रू किंवा फॉल्स करायची आणि सीएसएसनं त्याच किमतीवरून उपमेनू दाखवायचा किंवा लपवायचा. फोकस कुठे आहे याच्याशी उघडण्याचा संबंधच ठेवू नका. होव्हर हवाच असेल तर तो ‘होव्हर: होव्हर’ या मीडिया क्वेरीच्या आत, म्हणजे माऊसवाल्यांपुरता. ‘ठेव योजना’चं स्वतःचं पान असेल तर उपमेनूत पहिली ओळ ‘सर्व ठेव योजना’ अशी द्या. संस्थेचे लोक कधीकधी हट्ट धरतात की वरचं नावही लिंक हवं. मग नावाला लिंक आणि शेजारी बाणाचं वेगळं बटण असं करा, पण बाण बोटानं दाबता येईल एवढा तरी ठेवा.

बाहेर कुठेही दाबलं की मेनू मिटावा, यासाठी पूर्ण पानावर क्लिक ऐकणारा कोड आयफोनवर कित्येकदा गप्प बसतो, कारण साध्या परिच्छेदावरचा स्पर्श सफारी क्लिक म्हणून वर पाठवत नाही. पॉइंटरडाउन ऐका.

कीबोर्डनं तपासताना सफारीत टॅब दाबून लिंकवर जाता येत नाही म्हणून घाबरू नका. ते तिथे मूळातच बंद असतं. सफारीच्या सेटिंगमध्ये चालू करावं लागतं किंवा ऑप्शन-टॅब दाबावं लागतं.

मोबाइलचं सरकतं पॅनल

पॅनलला १००व्हीएच (खिडकीची पूर्ण) उंची दिली की आयफोनवर शेवटचं नाव ॲड्रेस बारच्या मागे जातं. पुन्हा बिचारा ‘संपर्क’. सफारी १००व्हीएच म्हणजे बार मिटलेला असतानाची मोठी उंची धरते. आता त्यासाठी डीव्हीएच हे एकक आहे: सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ पासून, सगळे २०२२ चे. आधी व्हीएचची ओळ लिहा, खाली डीव्हीएचची; जुना ब्राउझर दुसरी ओळ सोडून देतो. पॅनलच्या आत ओव्हरफ्लो-वाय ऑटो हवंच, फोन आडवा धरला की आठ नावं मावत नाहीत. आडव्या आयफोनवर अक्षरं अचानक मोठी होत असतील तर टेक्स्ट-साइझ-ॲडजस्ट १०० टक्के, वेबकिटच्या उपसर्गासह.

पॅनल पूर्ण स्क्रीनभर न पसरता हेडरएवढंच उघडत असेल, तर हेडरवर ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर आहे का पाहा. असला तर आतला फिक्स्ड घटक खिडकी सोडून हेडरला धरून मोजला जातो. झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर, याचा आकडा) नऊ हजार नऊशे नव्याण्णव करूनही पॅनल बॅनरच्या मागेच राहत असेल तर तोच संशय: हेडरनं स्वतःचा वेगळा थर बनवलाय, आणि आतला आकडा त्या थरापुरताच चालतो. पॅनल हेडरच्या बाहेर काढा.

आयफोन नसेल तर

प्रत्येकाकडे मॅक नसतो. लिनक्सवरचा ‘नोम वेब’ वेबकिटवर चालतो, आणि प्लेराइट हे तपासणीचं साधन विंडोजवरही वेबकिट चालवून दाखवतं. मांडणीचे घोळ त्यात बरेचसे पकडले जातात. ॲड्रेस बारची उंची, स्पर्श आणि ॲपलचे फॉन्ट मात्र तिथे येत नाहीत, त्यासाठी कुणाचा तरी खरा फोन दहा मिनिटं मागून घ्यावा लागतो. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधलं ‘आयफोन’ हे नाव फक्त स्क्रीनच्या मापाचं आहे, आत ब्लिंकच असतं. त्यावर दिसलं म्हणून काम झालं असं ग्राहकाला कळवू नका.

काही फरक दुरुस्त करायच्या भानगडीत पडूच नये. मॅकवर अक्षरं किंचित जाड दिसतात आणि विंडोजवर थोडी कोरीव, कारण अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची दोघांची पद्धत वेगळी आहे. फॉन्ट-स्मूदिंगची ती प्रसिद्ध ओळ फक्त मॅकवर चालते. सॅमसंग इंटरनेटचा डार्क मोड पांढरी पट्टी काळी करतो, तो वापरणाऱ्यानं स्वतः निवडलेला असतो. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण काही कार्यालयांत एजच्या आयई मोडमध्ये साइट उघडतात. तिथे फ्लेक्स अर्धवट आणि सीएसएस व्हेरिएबल अजिबात नाहीत. त्यांच्यासाठी सगळी नावं एकाखाली एक, साध्या लिंक म्हणून दिसली आणि दाबता आली की पुरे. हे काम घेतानाच ठरवून ईमेलवर लिहून घ्या: कुठले ब्राउझर, कुठल्या आवृत्तीपासून, आणि त्यात ‘सारखं’ म्हणजे नावांचा क्रम, एक ओळ आणि उघडणारे उपमेनू, पिक्सेल नाहीत.